कच्चं चालेल, ढिलं नको

लेकरांनो, अंबाजोगाईत राहून डेथ मेटलचं पहिलं रेकॉर्डिंग करायचं म्हणताय, तर सगळ्यात आधी एक विचार डोक्यातून काढून टाका. गावात स्टुडिओ नाही, हाताशी पैसा नाही, शिकवायला कोणी नाही, म्हणून पुण्या-मुंबईला जाईपर्यंत थांबावं, हा तो विचार. ज्या संगीताच्या नादाला तुम्ही लागलात, त्याचा पायाच असल्या पोरांनी घातलेला आहे.

ब्राझीलमधल्या बेलो होरिझोंटे शहरात १९८५ साली सेपल्टुरानं 'बेस्टियल डिव्हास्टेशन' रेकॉर्ड केलं. तेव्हा मॅक्स कावालेरा सोळाचा होता आणि ड्रमवरचा त्याचा भाऊ इगोर त्याच्याहून वर्षाने लहान. दोन दिवसांत काम उरकलं. इंग्लंडच्या न्यूकॅसलमधल्या व्हेनमनं १९८१ मध्ये 'वेलकम टू हेल' तीनेक दिवसांत वाजवून काढलं, आणि तेही आपण नमुना म्हणून वाजवतोय अशा समजुतीत. स्वीडनच्या बाथोरीचा १९८४ चा पहिला अल्बम स्टॉकहोममधल्या एका गॅरेजात उभारलेल्या स्टुडिओत झाला. आणि लांब कशाला जा? मुंबईत साहिल मखिजानं २००० साली डेमोनिक रिझरेक्शन सुरू केला आणि त्याच वर्षी 'डेमनस्टीलर' हा पहिला अल्बम काढला. आपल्याकडे तेव्हा असलं संगीत रेकॉर्ड करायचं कसं, हे सांगणारा माणूस शोधून सापडत नव्हता. पोरगा स्वतःच शिकला, पुढे स्वतःचं लेबल काढलं, दुसऱ्या बँडांची रेकॉर्डिंगं केली. दहा वर्षांनी, २०१० मध्ये, याच बँडला 'मेटल हॅमर' या ब्रिटिश मासिकाचा 'ग्लोबल मेटल' पुरस्कार मिळाला.

ही जुनी रेकॉर्डिंगं तुम्ही ऐकली असतीलच. आवाज खरखरीत, ड्रम कुठेतरी मागे, गाणाऱ्याच्या आवाजाला विहिरीतून आल्यासारखा घुमारा. तरीही लोक चाळीस-चाळीस वर्षं ती ऐकताहेत. कावालेरा भावांनी २०२३ मध्ये 'बेस्टियल डिव्हास्टेशन' नव्याने वाजवून पुन्हा रेकॉर्ड केलं. साधनं बदलली, वय बदललं, जुनी गाणी मात्र तीच ठेवली, कारण ती तेव्हाच उभी राहिली होती. यातून माझ्या मते एकच गोष्ट घ्यायची. यंत्रामुळे आलेला दोष ऐकणारा पोटात घालतो. आळसामुळे आलेला दोष त्याला पहिल्या मिनिटात कळतो आणि तो तिथेच गाणं बंद करतो. सूर न लावलेली गिटार, तालीम न केलेला ड्रमर, शब्द पाठ नसलेला गायक, याला कच्चेपणा म्हणत नाहीत. ही ढिलाई आहे. कच्चं चालेल, ढिलं नको. पुढे जे सांगतोय ते सगळं याच एका गोष्टीसाठी.

आता ड्रमचं बघू, कारण तुमचं रेकॉर्डिंग तरलं तर ड्रमवर तरेल.

तुम्ही म्हणता गाणं २०० च्या लयीत आहे. म्हणजे मिनिटाला दोनशे ठोके, आणि पायाने प्रत्येक ठोक्यात चार. हिशेब करा, सेकंदाला तेरा घाव पडतात. त्यातले आठ जोरात आणि पाच पुसट पडले, तर ऐकणाऱ्याला वेग लागत नाही, नुसता गोंधळ ऐकू येतो. तेच गाणं १८० वर आणा. सेकंदाला बारा घाव, पण बाराही सारखे. ते २०० पेक्षा जलद वाटतं, हे खोटं वाटत असेल तर दोन्ही मोबाइलवर घेऊन ऐका. वेग आकड्यात नसतो, सारखेपणात असतो. रोज मेट्रोनोम लावून सावकाश वाजवा, स्नेअरचा प्रत्येक घाव एकाच ताकदीचा येईपर्यंत लय वाढवू नका. ब्लास्ट बीटमध्ये नव्या पोरांची पहिली चूक हीच होते. झांजांवर हात जोरात पडतो आणि स्नेअरवर मरगळतो. रेकॉर्डिंगला नेमकं उलट करायचं. ड्रमवर जोर लावायचा, झांजांना सांभाळून मारायचं. झांज जोरात वाजली की ती प्रत्येक माइकमध्ये शिरते आणि मग कितीही बटणं फिरवली तरी बाहेर निघत नाही.

आपल्याकडे हलगी वाजवणारा माणूस सुपारी घेऊन आला की आधी काय करतो, ते बघा. पालापाचोळा, कागद जे मिळेल ते पेटवतो आणि हलगी शेकतो. कातडं ताणलं, हवा तसा टणत्कार आला, की मग गळ्यात घालतो. त्याआधी कुणी कितीही घाई केली तरी टिपरू लावत नाही. तुमच्या ड्रमला कातडं नसतं, प्लास्टिकचं पान असतं, ते शेकायचं नसतं. पण हलगीवाल्याची शिस्त तीच ठेवा. रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी स्नेअरचं वरचं पान नवं बसवा. किल्लीने समोरासमोरचे बोल्ट सारखे आवळा, प्रत्येक बोल्टाजवळ बोटाने टिचकी मारून सूर जुळवा. नवं पान पहिल्या दिवशी ताण सोडतं, म्हणून सकाळी पुन्हा जुळवा, आणि दर दोन-तीन गाण्यांनंतर पुन्हा. स्नेअर नको तितकी घुमत असेल तर कडेला रुमालाची घडी चिकटपट्टीने लावा. किक ड्रमच्या आत उशी टाका. डबल बासचा 'टक टक' असा टोकदार आवाज हवा असेल तर पेडलचा दांडा जिथे आपटतो तिथे एक नाणं चिकटवा. मेटलवाले हे कितीतरी वर्षं करत आले आहेत, आणि रुपयाभराच्या खर्चात होतं.

माइक चार असतील तर एक किकमध्ये, एक स्नेअरवर, दोन वरून. वरचे दोन्ही स्नेअरच्या मध्यापासून एकाच अंतरावर हवेत. अंदाजपंचे लावू नका. सुतळी घ्या, एक टोक स्नेअरच्या मध्यावर धरा, पहिल्या माइकपर्यंत ताणून गाठ मारा आणि तीच गाठ दुसऱ्या माइकला लागते का बघा. अंतर चुकलं की एकच घाव दोन माइकमध्ये पुढेमागे पोचतो, एक आवाज दुसऱ्याला खातो आणि स्नेअर पुठ्ठ्याची वाटायला लागते. दोनच माइक असतील तर एक किकला, एक वरून. तेवढ्यावरही डेमो होतो.

जागा कोणती निवडायची? पत्र्याच्या शेडमध्ये मुळीच नको. पत्रा प्रत्येक घावाला उत्तर देतो. स्लॅबची चौकोनी रिकामी खोलीही वाईट, चारी भिंतींवरून आवाज परत येतो. गावात अजून कुणाचं जुनं माळवदाचं घर उभं असेल तर त्यांच्या पाया पडून एक दिवसासाठी खोली मागा. जाड मातीच्या भिंती, वर लाकडी तुळया आणि मातीचं छत. तिथे आवाज घुमत नाही, बसतो. ते जमलं नाही तर भिंतींना गाद्या उभ्या करा, वाकळी टांगा, कोपऱ्यांत कापसाची नाहीतर सरकीची पोती रचा. पातळ गोधडीने फक्त वरचा चिरका आवाज कमी होतो, खालचा घुमारा अडवायला जाडीच लागते. अंड्यांचे ट्रे भिंतीला लावायला सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका, तो पुठ्ठा जवळजवळ काहीच शोषत नाही.

विजेचं मात्र नीट कान देऊन ऐका. मराठवाड्यात रेकॉर्डिंगचा खरा वैरी हाच आहे. गिटार जोडली की मागे 'हूंऽऽ' असा सतत सूर लागतो ना, तो तुमच्या मेनलाइनचा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून हा सूर ५० वर, १०० वर आणि त्याच्या पटींत ऐकू येतो. मेटलमध्ये गेन इतका चढवलेला असतो की कीर्तनाच्या रेकॉर्डिंगमध्ये न जाणवणारी गुणगुण इथे गाण्याच्या वर चढून बसते. उपाय एकच, एकेक वस्तू बंद करत जायची. आधी पंखा, मग ट्यूब, मग फ्रिज, मग शेजारच्या खोलीतला कूलर. एका रेकॉर्डिंगला सगळं बंद करूनही गुणगुण जाईना. शेवटी सापडला तो गायकाच्या मोबाइलचा चार्जर, त्याच बोर्डात खुपसलेला. उपसला आणि खोली शांत झाली. सगळी यंत्रं एकाच बोर्डावरून घ्या. लॅपटॉप चार्जरवर गुणगुणत असेल तर बॅटरीवर चालवा. स्वस्त इन्व्हर्टरवर रेकॉर्डिंग करू नका, त्याची वीज शुद्ध साइन लहरीची नसते आणि गिटारमध्ये माशी शिरल्यासारखी भुणभुण येते. वीज गेली तर जेवून घ्या, आली की पुन्हा बसा.

आणि एक जिवावरचं. गुणगुण जावी म्हणून प्लगची तिसरी, जाड पिन काढून टाकायचा सल्ला कुणीतरी देईल. आवाज कदाचित जाईलही. पण अँपमध्ये बिघाड झाला तर गिटारच्या तारांमध्ये करंट उतरतो, आणि तेवढ्यात गायकाचे ओठ माइकच्या जाळीला लागले तर माणूस जागेवर जातो. इलेक्ट्रिशियन बोलवा, घरातलं अर्थिंग तपासून घ्या. यात काटकसर करायची नाही.

गिटारवाल्यांनो, तालमीला जितका गेन लावता त्याच्या पाऊण भागावर रेकॉर्ड करा. खोलीत एकट्याने वाजवताना जास्त गेन दणदणीत वाटतो, पण रेकॉर्डिंगमध्ये रिफची प्रत्येक ओढ दुसरीत मिसळते आणि चिखल होतो. तोच रिफ दोनदा वाजवा, एक डाव्या कानात, एक उजव्या. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे ठेवलात तर रुंदी येत नाही, दोनदाच वाजवावा लागतो, आणि दोन्ही वेळा हात एकाच जागी पडायला हवा. खालच्या बी सुरात गिटार उतरवली असेल तर तारा जाड लागतात. पातळ तारा खाली उतरवल्या की लोंबतात आणि जोरात मारलं की सूर वर पळतो. तारा आदल्या दिवशी बदला, ताणून घ्या, आणि प्रत्येक टेकआधी ट्यूनर लावा. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. अँपच्या आवाजासोबत गिटारची साधी, बिनगेनची लाइनही वेगळ्या ट्रॅकवर घेऊन ठेवा. उद्या आवाज आवडला नाही तर पुन्हा वाजवावं लागणार नाही, तीच लाइन दुसऱ्या अँपमधून किंवा फुकटच्या सॉफ्टवेअरमधून काढता येते.

गेनच्या नियमाला एक मोठा अपवाद आहे, तोही सांगतो. स्टॉकहोमच्या एंटूम्ड या बँडनं १९९० मध्ये 'लेफ्ट हँड पाथ' केलं. त्यातला करवतीसारखा गिटारचा आवाज बॉस कंपनीच्या एचएम-२ या साध्या पेडलचा आहे, त्याची बटणं शेवटपर्यंत फिरवून काढलेला. पुढे स्वीडनच्या कितीतरी बँडांनी तोच आवाज घेतला. तेव्हा तुम्हाला असा एखादा आवाज सापडलाच तर त्याला धरून राहा. पण आधी पाऊण गेनवर वाजवून बघा.

बास गिटारला लोक विसरतात. किक आणि बास एकाच जागेवर भांडत असतील तर दोघांपैकी एकाला खाली आणि एकाला थोडं वर जागा द्या, एवढं पुरे.

आता ओरडणाऱ्या बाबा, तुझ्याशी. गळा आवळून ओरडू नकोस. जोर पोटातून यायला हवा. वारकऱ्यांतले चांगले गायक तासन् तास वरच्या पट्टीत गातात ते पोटाच्या श्वासावर, गळ्याच्या ताकदीवर नाही. आधी दहा मिनिटं हळू आवाजात गळा तापव, कोमट पाणी जवळ ठेव. सलग तासाभरापेक्षा जास्त गाऊ नकोस, आणि सगळ्यांचं वाजवून झाल्यावर रात्री दमलेल्या गळ्याने तर नकोच. आवाज दुसऱ्या दिवशी सकाळी घे. गळा दुखायला लागला की थांबायचं. दुखणं म्हणजे चुकीच्या जागेवरून आवाज निघतोय. दोन आठवडे झाले तरी घोगरेपणा गेला नाही, तर आपल्याच गावातल्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घसा विभागात दाखव, लाजू नकोस. स्टेजवर माइकची जाळी मुठीत धरायची सवय असेल तर रेकॉर्डिंगला सोड, आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. साधा डायनॅमिक माइक, तोंडापासून चार बोटं, बस.

शब्दांबद्दल माझं मत ठाम आहे. मराठीत लिहा. इंग्रजीत रक्त आणि हाडं लिहिणारे हजारो बँड आहेत, त्यात तुम्ही आणखी एक. मराठीचे ठ, ढ, ख, घ, भ हे वर्ण गुरगुरत्या आवाजात इंग्रजीपेक्षा जास्त ठणकतात, हे तालमीत तुमच्याच कानांनी कळेल. गाव तर बघा कोणतं आहे. मराठीतला आद्य ग्रंथ म्हणून ज्याचं नाव घेतात त्या 'विवेकसिंधु'च्या मुकुंदराजांची समाधी गावाबाहेर आहे. दासोपंतांनी 'पंचीकरण' लिहायला लांबलचक कापड घेतलं, ती पासोडी आजही लोक बघायला येतात. भाषेच्या बाबतीत अंबाजोगाईच्या पोरांनी उसनवारी करायचं कारण नाही. विषयही इथेच आहेत. कोरडी विहीर, सावकार, ऊसतोडीला गेलेलं घर, रिकामी शाळा. मुंबईच्या एका बँडचं नाव 'भयानक मौत' आहे आणि देशभरातल्या मेटलवाल्यांना ते तोंडपाठ आहे. डेमोनिक रिझरेक्शननं २०१७ मध्ये 'दशावतार' नावाचा अख्खा अल्बम मत्स्य, कूर्म, वराह असा क्रम धरून केला. आपलं काही घेतल्याने बँड लहान होत नाही. नॉर्वेतल्या पोरांनी चर्च जाळली, त्याच्या गोष्टी तुम्ही चवीने वाचता, मला माहीत आहे. त्यांच्या संगीताला त्याने काही मिळालं नाही, पोरं तुरुंगात गेली. देवळा-दर्ग्याच्या वाटेला जाऊन नाव कमवायचा विचार कुणाच्या डोक्यात येत असेल तर त्याला बँडमधून काढा.

शेजाऱ्यांना आधी जाऊन सांगा, तारीख आणि वेळ सांगा. रात्री १० ते सकाळी ६ आवाज नाही. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या शंभर मीटरच्या आत नाही, तो भाग कायद्याने शांतता विभाग म्हणून जाहीर होऊ शकतो. मुंबईचं रंगभवन, जिथे इंडिपेंडन्स रॉक या महोत्सवाला देशभरचे बँड वाजवायचे, ते याच नियमाने बंद पडलं. दहावी-बारावीच्या परीक्षेच्या दिवसांत ड्रम उचलायचाच नाही. योगेश्वरी देवीचं नवरात्र, शारदीय असो की मार्गशीर्षातलं, ते दिवसही सोडा. गाव जागं असतं, स्पीकर चालू असतात, तुमच्या माइकमध्ये सगळं येईल. आणि स्वतःचे कान सांभाळा. बंद खोलीत ड्रमचा आवाज १०० डेसिबलच्या वर सहज जातो, आणि १०० डेसिबलला उघड्या कानांनी पंधरा मिनिटं हीच सुरक्षित मर्यादा मानतात. कापसाच्या बोळ्याने भागत नाही. मेडिकलमध्ये फोमचे इअरप्लग मिळतात, ते सगळ्यांनी घालायचे.

रेकॉर्ड करताना आवाजाचा काटा लाल रेषेला लागू देऊ नका. २४ बिटवर घ्या आणि सगळ्यात मोठा घाव उणे १० डेसिबलच्या आसपास राहू द्या. कमी आलेला आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला शिवता येत नाही. गाणी तीन, फार तर चार. बारा गाण्यांचा हट्ट धरलात तर आठ अर्धवट राहतील. गाणं तयार आहे का, याची परीक्षा सोपी आहे. तालमीत मोबाइल खोलीच्या कोपऱ्यात ठेवा आणि रेकॉर्ड करा. त्या फाटक्या आवाजातही बँडबाहेरच्या मित्राला रिफ ओळखू आला तर गाणं तयार आहे. नाही आला तर माइक लावायची घाई करू नका.

मिक्सिंग त्याच दिवशी करू नका. कान थकलेले असतात, त्यांना सगळंच बारीक वाटतं आणि मग सगळंच मोठं होत जातं. दोन दिवस जाऊ द्या. नंतर मोबाइलवर ऐका, कुणाच्या गाडीत ऐका, परळीला जाणाऱ्या एखाद्या टेम्पोवाल्याला विनंती करून त्याच्या टेपवर लावा. सगळीकडे स्नेअर आणि आवाज ऐकू आला की थांबा. शेवटी सगळं दाबून मोठं करायचा मोह होईल. आता गाणी वाजवणाऱ्या बहुतेक सेवा आवाजाची पातळी स्वतःच सारखी करतात, त्यामुळे दाबलेलं गाणं मोठं वाजत नाही, फक्त चपटं होतं.

आणि अपलोड करायच्या आधी एक कागद करा. कोणतं गाणं कुणी लिहिलं, चाल कुणाची, पैसे कुणी किती घातले. खाली सगळ्यांच्या सह्या. आज तुम्ही जिवाभावाचे आहात म्हणूनच आज करा. नेपाम डेथच्या 'स्कम' या १९८७ च्या अल्बमच्या दोन बाजू दोन वेगवेगळ्या संचांनी वाजवल्या आहेत, दोन्हींत सामाईक फक्त ड्रमर मिक हॅरिस. मधल्या काळात बाकीची माणसं बदलली. तुमच्यातलाही कुणी नोकरीला जाईल, कुणी नीटच्या क्लासला लातूरला जाईल. तेव्हा मूळ ट्रॅक, नुसती एमपीथ्री नव्हे, दोन वेगळ्या हार्डडिस्कवर दोन वेगळ्या घरांत ठेवा, आणि बँडमधल्या प्रत्येकाला एक प्रत द्या. फाइलच्या नावात तारीख, गाव आणि वाजवणाऱ्यांची नावं लिहा. थंडीचे दिवस बघा, पंखा लागत नाही, ड्रमचा सूरही टिकतो. दिवाळीनंतरची तारीख आत्ताच ठरवा.